कम्युनिटी टीव्हीची इंटर्नशिप: स्टुडिओला पाच स्टार, डिजिटल डेस्कला दोन

आधीच सांगते, पहिला आठवडा मी फक्त केबल गुंडाळल्या. घरी सगळ्यांना सांगून झालं होतं की टीव्ही चॅनलला इंटर्नशिप लागली, आईने मावशीला फोन केला होता, मावशीने अजून चार जणींना, आणि मी रोज संध्याकाळी घरी यायचे ती हाताला रबराचा वास घेऊन. मावशी विचारायची कधी दिसणार गं टीव्हीवर, तिला काय सांगणार, की मावशी आज मी अठरा एक्सएलआर (माईकच्या केबल) आणि सहा बीएनसी (व्हिडिओच्या) गुंडाळल्या.

पण त्या केबलींचंच आधी सांगते. ऑडिओ बघणारे एक काका आहेत तिथे, रिटायर होऊन परत आलेले, त्यांनी मला पहिल्याच दिवशी कोपराभोवती केबल गुंडाळताना पकडलं. "अगं लोकर आहे का ती?" म्हणाले, हातातून काढून घेतली आणि दाखवलं: एक वळसा सरळ, पुढचा हात उलटा करून, परत सरळ, परत उलटा. सगळे वळसे एकाच दिशेने घातले की दर वळशाला एक पीळ बसतो, आतल्या तारा तो किती दिवस सहन करणार, कधीतरी आतल्या आत तुटतात, आणि ते कळतं नेमकं लाइव्ह चालू असताना, खरखर सुरू झाली की. उलटसुलट घातले तर पीळ एकमेकांना मारतात आणि केबल फेकली की सरळ उलगडत जाते. फक्त टोक वळशांच्या आतून जाऊ द्यायचं नाही, नाहीतर दर दोन वळशांना एक गाठ. मला हे कसं माहीत ते विचारू नका.

तर रिव्ह्यू. बारा आठवडे, आठवड्यातले चार दिवस, पहिले सहा आठवडे स्टुडिओ आणि आउटडोअर, पुढचे सहा 'डिजिटल डेस्क'. चॅनलचं नाव देत नाहीये, कारण खाली तक्रारी आहेत आणि तिथल्या माणसांबद्दल माझा राग नाही, शिवाय माझ्या वर्गातले तिघं वेगवेगळ्या ठिकाणी अशाच इंटर्नशिपला गेले होते आणि आम्ही बसून बोललो तेव्हा गोष्टी इतक्या सारख्या निघाल्या की हे एका जागेबद्दल नाहीच असं वाटायला लागलं.

ज्यांना कम्युनिटी टीव्ही म्हणजे नक्की काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे न्यूज चॅनल नाही आणि सरकारी पण नाही. जाहिराती नाहीत, टीआरपी नाही, त्या भागात राहणारा कोणीही माणूस येतो, एक ट्रेनिंग करतो, कॅमेरा बुक करतो आणि स्वतःचा कार्यक्रम बनवतो. ओरिएंटेशनला आम्हाला याचा इतिहास सांगितला आणि मला वाटलं होतं झोप येईल पण नाही आली. १९६७ ला सोनीचा पोर्टापॅक आला, म्हणजे एका माणसाला खांद्याला लटकवून नेता येईल असा व्हिडिओ रेकॉर्डर, आणि त्याच वर्षी कॅनडात नॅशनल फिल्म बोर्डाने 'चॅलेंज फॉर चेंज' नावाचा उपक्रम सुरू केला, लोकांचे प्रश्न लोकांनीच कॅमेऱ्यासमोर मांडायचे आणि मग ते शूटिंग त्यांनाच दाखवायचं. त्यात काम केलेले जॉर्ज स्टोनी पुढे न्यूयॉर्कला गेले आणि १९७१ ला रेड बर्न्स यांच्यासोबत अल्टरनेट मीडिया सेंटर सुरू केलं, तिथून विद्यार्थी शिकून अमेरिकेत ठिकठिकाणी असे चॅनल चालवायला गेले. १९८४ ला तिथे कायदाच आला की स्थानिक प्रशासन केबल कंपनीकडून जनतेसाठी, शिक्षणासाठी आणि सरकारी कामकाजासाठी चॅनल मागू शकतं. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशीच शिकाऊ पोरं आहेत. हे मी लक्षात ठेवलं कारण पुढे डिजिटल डेस्कला बसून मला याची फार आठवण आली.

स्टुडिओबद्दल आता. छोटा आहे, तीन कॅमेरे, एक जुना स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जाणार ते निवडायचं मशीन), एका भिंतीला हिरवा पडदा ज्याला कायम सुरकुत्या. माणसं इतकी कमी की इंटर्नला नुसतं बघत उभं राहायची सोयच नाही. हीच या जागेची खरी ताकद आहे आणि हे मोठ्या चॅनलला मिळत नाही, माझी एक मैत्रीण नावाजलेल्या ठिकाणी गेली होती, तीन महिन्यांत तिने पॅनलला बोट लावलं नाही, दारातून बघितलं फक्त. आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात फ्लोअर, तिसऱ्यात कॅमेरा, चौथ्यात ग्राफिक्स, पाचव्यात ऑडिओ, आणि सहाव्यात मी स्विचरवर. लाइव्ह. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला. हात थंड पडले होते माझे.

फ्लोअर मॅनेजरचं काम सोपं वाटतं ना, हेडसेट घालून उभं राहायचं आणि बोटं दाखवायची. पहिल्या दिवशी मी पाच, चार, तीन, दोन, एक असं सगळं मोठ्याने मोजलं आणि माझं "एक" ऑन एअर गेलं. तीनपर्यंत तोंडाने, त्यापुढे फक्त बोटं, हे नंतर कळलं. आणि टॉकबॅकवर, म्हणजे क्रूच्या हेडसेटवर, पाच जण एकाच वेळी बोलत असतात, त्यातलं आपल्यासाठी कोणतं ते कानाने निवडायचं, समोर पाहुणा विचारतोय माझे केस ठीक आहेत का, त्याच्याकडे बघून हसायचं, आणि कानात कोणीतरी ओरडतंय कॅमेरा दोनची फ्रेम ढिली आहे. घरी आले की मला कोणी हाक मारली तरी मी थोडा वेळ उत्तरच द्यायचे नाही.

माझा सगळ्यात मोठा पराक्रम ग्राफिक्सच्या आठवड्यातला. पाहुण्यांच्या नावाची पट्टी, म्हणजे अ‍ॅस्टन, मी ईमेलमधून कॉपी करून टाकली होती. ईमेलमध्ये आडनावात एक अक्षर चुकलं होतं. बाई शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीबद्दल छान बोलत होत्या, आणि कॅमेऱ्याच्या मागे जो फ्लोअर मॉनिटर असतो त्यात त्यांना स्वतःचं चुकीचं नाव दिसलं. त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. दोन सेकंद असतील, मला दोन वर्षं वाटली. पट्टी काढली, दुरुस्त केली, पण त्या नंतर दर वाक्याला मॉनिटरकडेच बघत राहिल्या, अख्खा एपिसोड डोळे बाजूला. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. स्टुडिओ मॅनेजर ताईंनी फक्त एवढंच केलं, दुसऱ्या दिवशी मेकअपच्या आरशाजवळ एक वही ठेवली आणि सांगितलं की येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने नाव आणि काय काम करता ते लिहायचं, आणि पट्टी बनली की त्यालाच दाखवायची, ऑन एअर जायच्या आधी. ती वही मी निघाले तेव्हा अर्धी भरली होती. आरडाओरडा न करता चूक कशी बंद करायची ते मी इथे बघितलं, कॉलेजमध्ये तीन ओळींचा ईमेल आला असता आणि एचओडींना सीसी.

आउटडोअरमध्ये ऑडिओने मारलं. एका बाईंची मुलाखत, बावीस मिनिटं, अप्रतिम बोलल्या, मी कॅमेरा पण बघत होते आणि आवाज पण, म्हणून हेडफोन गळ्यात लटकवले आणि मीटरकडे लक्ष ठेवलं. मीटर मस्त हलत होता. परत येऊन ऐकलं तर कॉलर माईकवर ओढणी घासतेय, बावीस मिनिटं, बाई जरा हलल्या की खर्र. मीटरला काय, त्याला बोलणं आणि घासणं सारखंच, तो फक्त किती मोठा आवाज आहे एवढंच सांगतो. काकांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले जा आता परत, पाय पडून पुन्हा घेऊन ये. गेले. बाई दुसऱ्यांदा तितक्या छान नाही बोलल्या, कोणीच बोलत नाही, पहिल्यांदा जे येतं ते येतं. तेव्हापासून हेडफोन कानावरून उतरवला नाही आणि जागा सोडायच्या आधी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करते, त्या खोलीचा स्वतःचा आवाज असतो ना, पंख्याचा, लांबच्या रस्त्याचा, तो एडिटमध्ये कट झाकायला लागतो. त्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांना गप्प उभं करणं हे एक वेगळंच काम आहे, नेमका तेव्हाच कोणाला तरी खोकला येतो.

बाकी टेक्निकल गोष्टी भराभर सांगते कारण त्या कुठेही शिकाल. फॅन्टम पॉवर म्हणजे माईकच्या केबलमधूनच दिलेले ४८ व्होल्ट, कंडेन्सर माईकला लागते, साध्या हातात धरायच्या डायनॅमिक माईकला नाही, आणि माईक मेला असं वाटलं तर नव्वद टक्के वेळा ते बटणच बंद असतं (नव्वद टक्के हा आकडा काकांचा, त्यांचे सगळे आकडे नव्वदच असतात). स्टुडिओचे पिवळट लाइट ३२०० केल्विनचे आणि खिडकीतून येणारं ऊन ५६०० च्या आसपास, दोन्ही एका चेहऱ्यावर पडलं की अर्धा गाल निळा, म्हणून आधी पडदे ओढायचे, मग पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कोणतं ते कॅमेऱ्याला सांगायचं. लांबच्या कॅमेऱ्याला एचडीएमआय ओढत न्यायची नाही, एसडीआय (स्टुडिओवाली व्हिडिओ केबल) वापरायची, ती लांबवर टिकते आणि तिचं टोक फिरवून लॉक होतं, कोणी पाय अडकून पडला तरी निघत नाही. पडलेला कोण होता ते सोडा.

कार्ड आणि हार्ड डिस्कचा भाग मात्र कॉलेजमध्ये कोणी शिकवत नाही आणि इथे डोक्यात हातोड्याने ठोकला. आमचे कॅमेरे ५० एमबीपीएसला रेकॉर्ड करायचे, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी, तीन कॅमेरे, दोन तासांचा कार्यक्रम, झाले १३५ जीबी, एका संध्याकाळचे. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक कॉपी इमारतीच्या बाहेर. वापरलेल्या कार्डावर लाल टेप, टेप निघाली म्हणजे दोन कॉपी उघडून बघितल्यात, आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, कॉम्प्युटरवर नाही. एकदा मी टेप नसलेलं कार्ड हातात घेऊन फॉरमॅटवर बोट ठेवलं होतं आणि मागून आवाज आला, "थांब, ती टेप खाली पडलीये." जमिनीवर खरंच लाल तुकडा. त्या दिवशी मी चहा घेतला नाही, नुसती बसून होते.

आता सभेचं सांगते, कारण मला सगळ्यात कंटाळवाणं वाटलेलं काम तेच होतं आणि सगळ्यात जास्त डोकं त्यानेच फिरवलं. स्थानिक प्रशासनाची सभा लाइव्ह दाखवायची, सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, मध्ये एक सेकंदही कापायचा नाही. चार तास. पाण्याची पाइपलाइन, कचरा, एका गल्लीच्या पार्किंगवर सव्वा तास. मी कॅमेरा तीनवर, आणि एक सभासद मस्त जांभई देत होते, तोंड पूर्ण उघडं, मला वाटलं काय शॉट आहे, फ्रेम लावून टॉकबॅकवर सांगितलं तीनवर बघा. डायरेक्ट करणारे दादा म्हणाले, नको, बोलणाऱ्याकडे जा. नंतर त्यांनी समजावलं की इथे जो बोलतोय तो दिसणार, बस. जांभईचा शॉट घेतला की आपण मत दिलं, की हा भाषण देणारा बोअर करतोय, किंवा हा जांभई देणारा कामचोर आहे, आणि ते मत देण्यासाठी आपल्याला कोणी इथे बसवलेलं नाही, लोकांनी बघावं आणि ठरवावं. मी तोवर समजत होते की एडिटिंग म्हणजे कात्री, पण कॅमेरा कुठे वळवायचा तिथेच अर्धी बातमी होऊन जाते. घरी येऊन मी दोन तास न्यूज चॅनल बघत बसले, नुसते रिअ‍ॅक्शन शॉट मोजत. बाबांना वाटलं अभ्यास चाललाय, आणि एका अर्थी तो होताच.

आणि आजोबा. एक आजोबा आहेत जे जुने रेडिओ दुरुस्त कसे करायचे यावर कार्यक्रम करतात. कार्यक्रम त्यांचा, हक्क त्यांचे, चॅनलचा स्टाफ त्यांना हे बोअर आहे असं म्हणूच शकत नाही, फार तर आवाज नीट येत नाही एवढं सांगू शकतो. आजोबा हाताने वाल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची नळी) धरून इतकं सुंदर समजावायचे पण कॅमेरा चालू झाला की भिंतीसारखे. लेन्सकडे बघा म्हटलं की भाषण सुरू, "सन्माननीय प्रेक्षकहो". तीन टेक वाया गेले. मग मी ट्रायपॉडच्या खाली, लेन्सच्या बरोबर खालच्या बाजूला जमिनीवर बसले आणि म्हटलं आजोबा मला सांगा, माझ्या घरी असाच एक रेडिओ बंद पडलाय. खोटं होतं. पण त्यांनी खाली वाकून मलाच झापायला सुरुवात केली की आधी प्लग काढला का, प्लग न काढता मागचं झाकण उघडायचं नाही, आणि काढल्यावरही आत कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि बावीस मिनिटं थांबलेच नाहीत. डोळे लेन्सच्या जरासे खाली गेलेत सगळ्या शॉटमध्ये, कोणी परीक्षक असता तर मार्क कापले असते. पुढच्या आठवड्यात ते माझ्यासाठी एक रेडिओ घेऊन आले, तुझा बंद आहे ना म्हणून. मला खरं सांगावं लागलं. हसले, आणि रेडिओ तरीही दिला.

इथपर्यंत पाच स्टार. सहाही दिले असते.

सातव्या आठवड्यात डिजिटल डेस्क, आणि इथून माझी तक्रार सुरू. खोली दुसऱ्या मजल्यावर, चार कॉम्प्युटर, इंटर्नच इंटर्न, एकही मोठा माणूस नाही. डिजिटल हेड म्हणून जे आहेत ते आठवड्यातून दोनदा येतात आणि बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. काम काय, तर स्टुडिओत झालेला प्रत्येक एपिसोड घ्यायचा आणि त्याचे पंधरा उभे तुकडे करायचे. रोज. १६:९ ची फ्रेम १९२० पिक्सेल रुंद, त्यातून ९:१६ चा उभा तुकडा काढला की हातात उरतात साधारण ६०८ पिक्सेल, म्हणजे फ्रेमचा तिसरा हिस्सा पण नाही. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतायत, त्यातलं एकच मावणार, मग प्रश्न विचारणाऱ्याचा फक्त कोपर दिसतो. मी म्हटलं शूटिंगच्या वेळीच एक कॅमेरा यासाठी वेगळा लावूया किंवा निदान पाहुण्यांना जवळ बसवूया, खाली जाऊन मी बोलते, माझी ओळख आहे सगळ्यांशी. उत्तर आलं, "आत्ता जे आहे त्यातून पॉपी कर." पॉपी म्हणजे काय हे सहा आठवड्यांत मला कोणी सांगू शकलं नाही.

आणि हे बघा, आजोबांच्या एपिसोडमधून कोणीतरी (मी नाही, शेजारच्या कॉम्प्युटरवरच्याने, त्याला पंधराचा आकडा पूर्ण करायचा होता) वीस सेकंदांचा तुकडा काढला ज्यात ते फक्त झाकण उघडा म्हणतायत. प्लग काढा हे त्याच्या आधीच्या वाक्यात होतं, ते कापलं गेलं. वर गाणं. मी आरडाओरडा करून तो काढायला लावला, पण दोन दिवस तो होता. खाली चार तासांच्या सभेतला सेकंद कापायचा नाही म्हणून शिकवतात आणि वरच्या मजल्यावर हे. जिना एकच आहे मधे.

गाण्यावरून आठवलं, वर कोणीच कॉपीराइटचं सांगितलं नव्हतं. क्रिएटिव्ह कॉमन्स (बनवणाऱ्याने काही अटींवर वापरायला दिलेलं लायसन्स) म्हणजे फुकट असं धरून गाणी लावत होते सगळे. तसं नसतं, काही लायसन्समध्ये नाव देणं बंधनकारक, काहींमध्ये कमाईसाठी वापर चालत नाही, काहींमध्ये मूळ वस्तूत बदलच करायचा नाही, आणि यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा तर २००७ पासून व्हिडिओत दुसऱ्याच्या हक्काचं काही आहे का ते शोधत बसलेली आहे. दोन व्हिडिओंना क्लेम, म्हणजे गाण्याच्या मालकाचा दावा, आला तेव्हा विचारणा इंटर्नलाच, हे गाणं कोणी लावलं. आवाजाचं पण तेच. प्रसारणासाठीची शेवटची फाइल -२३ एलयूएफएसला (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) बसवलेली असते (युरोपात ही मोजणी, अमेरिकेत -२४), ऑनलाइनवाले -१४ च्या आसपास धरतात, म्हणजे खालची फाइल जशीच्या तशी फोनवर टाकली की लोक म्हणणार आवाजच नाही. हे मी काकांना जिन्यात गाठून विचारलं तेव्हा कळलं. त्यांनी जिन्यातच उभं राहून दहा मिनिटांत शिकवलं, आणि डेस्कवरच्या सहा आठवड्यांतलं माझं टेक्निकल शिक्षण एवढंच.

नाही, एक गोष्ट विसरले, सबटायटल. ऑटोमॅटिक सबटायटल काहीच्या काही येतात, नावं तर विचारू नका, 'नगरसेविका'चं एकदा 'नगर सेवा का' झालं होतं. एक तासाचा कार्यक्रम दुरुस्त करायला मला चार तास लागायचे आणि सगळे त्या कामाला नाक मुरडायचे, म्हणून ते माझ्याकडे आलं. पण ते करताना माणसं कशी बोलतात ते कळायला लागलं, कुठे वाक्य अर्धं सोडतात, कुठे श्वास घेतात, कट कुठे मारता येईल. एक ऐकू न येणारे काका आमच्या ऑफिसला येऊन लिहून देऊन गेले की आता सभा कळते. त्या चिठ्ठीवर डिजिटल हेडची काही प्रतिक्रिया नव्हती, व्ह्यूज किती आले तो तक्ता मात्र दर सोमवारी. म्हणून एकच्या ऐवजी दोन स्टार देतेय, दुसरा स्टार सबटायटलचा आहे.

पैशांचं बोलू. मानधन नाही, फक्त प्रवासखर्च, तो पण बिलं दिल्यावर महिन्याने. मला त्याचं पहिल्या सहा आठवड्यांत काहीच वाटलं नव्हतं आणि दुसऱ्या सहांत रोज वाटत होतं, आणि असं का ते मला नंतर एका ठिकाणी वाचून नीट कळलं. अमेरिकेत सिनेमाच्या कामाला बिनपगारी राबलेल्या इंटर्नची केस होती, २०१५ ला अपील कोर्टाने त्यात म्हटलं की बघायचं काय तर या नात्यात मुख्य फायदा कोणाचा होतोय, इंटर्नचा की मालकाचा, शिकणं कॉलेजच्या अभ्यासाशी जोडलेलं आहे का, इंटर्न पगारी माणसाच्या जोडीला काम करतोय की त्याच्या जागी. २०१८ पासून तिथलं कामगार खातं पण हीच कसोटी वापरतं. आता माझ्यावर लावून बघा. स्टुडिओत माझ्या मागे कायम कोणीतरी उभं होतं, मी चुकले तर त्यांचं काम वाढत होतं, खरं सांगायचं तर पहिले चार आठवडे मी त्यांच्या डोक्याला तापच होते. वरच्या मजल्यावर मागे कोणीच नाही, आणि आम्ही चौघं नसतो तर त्यांना दोन माणसं नोकरीला ठेवावी लागली असती. तेच चॅनल, तीच मी, सर्टिफिकेट पण एकच. त्यात 'डिजिटल कंटेंट इंटर्न' लिहिलंय, स्टुडिओचा उल्लेख नाही, दुरुस्त करून मागितलंय, अजून आलेलं नाही. शो संपल्यावर जी नावं वर सरकतात त्यात खालच्या मजल्यावर माझं नाव दर एपिसोडला होतं, कॅमेरा, फ्लोअर, जे केलं ते. वर बनवलेल्या शेकडो तुकड्यांत कोणाचंच नाही, दाखवायला काही नाही.

शोरीलचं, म्हणजे नोकरी मागताना दाखवायच्या आपल्या कामाच्या व्हिडिओचं, पण लक्षात ठेवा कोणी जाणार असाल तर. कार्यक्रमाचे हक्क बनवणाऱ्यांचे असतात, चॅनलचे पण नाही, म्हणून आपण शूट केलेला शॉट स्वतःच्या रीलमध्ये टाकायला त्या माणसाची लेखी परवानगी लागते, आणि शाळेच्या मुलांचं असेल तर पालकांची. हे शेवटच्या आठवड्यात कळून उपयोग नाही, शूट झालं की त्याच दिवशी फॉर्मवर सही घ्यायची. मी उशिरा जागी झाले आणि दोन चांगले शॉट सोडावे लागले. आजोबांनी मात्र दिली, वहीच्या पानावर, "या मुलीला हवे ते वापरू द्यावे" असं लिहून.

जाऊ नका असं म्हणणार नाही मी, उलट जाच, पण मुलाखतीला बसलात की विचारा की माझ्या शेजारी कोण बसणार आहे. किती आठवडे, कोणतं सॉफ्टवेअर, सर्टिफिकेट मिळेल का, हे सगळे विचारतात. शेजारी कोण बसणार हे विचारलं की समोरच्याचा चेहराच सांगतो. माझ्या मुलाखतीत मी हे विचारलं नव्हतं, मी विचारलं होतं ड्रेस कोड काय आहे. आणि स्टुडिओचा कालावधी जेवढा वाढवून मिळेल तेवढा वाढवून घ्या, मी नवव्या आठवड्यात अर्ज केला की मला सभेच्या दिवशी खाली सोडा, आणि त्यांनी सोडलं सुद्धा, म्हणजे मागितलं की मिळतं, मला वाटलं होतं नियम म्हणजे नियम.

अर्जात 'प्रॉडक्शन' आणि 'डिजिटल' असे दोन चौकोन असतात, मी दोन्हीला टिक केलं होतं, हावरटपणा. आणि हेडफोन स्वतःचे घेऊन जा, तिथल्या जोडीचा डावा कान गेलाय, काका म्हणतात नव्वद टक्के वेळा केबल हलवली की येतो.